भिंतीवरचा बंब

मार्गशीर्ष सरत आला, की परभणीकडील हवेला एक निराळीच धार चढते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या काळ्याभोर सपाटीवर आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, आणि दिवसभर तापलेली भुई रात्रीच्या पहिल्या दोन प्रहरांतच आपली सारी ऊब आकाशास परत करून मोकळी होते. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील पारा अशा दिवसांत दहा अंशांच्या खाली उतरतो; एखाद्या वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. वैशाखात ज्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, त्याच गच्चीवरील टाकीतले पाणी पौषातल्या पहाटे अंगावर घेणे म्हणजे शिक्षाच वाटते. ऊन पाणी ही मग चैनीची वस्तू राहत नाही. घरातील म्हाताऱ्याकोताऱ्यांची व लेकराबाळांची ती गरज होऊन बसते.

ह्या गरजेचे उत्तर पूर्वी परसात उभे असे. तांब्याचा एक उभा बंब, त्याच्या पोटातून खालून वर गेलेली नळी, नळीत पेटलेल्या गोवऱ्या, पऱ्हाट्या व ज्वारीची धसकटे, आणि नळीभोवती पाणी, अशी त्याची साधी रचना. पहाटे कोणीतरी उठून बंब पेटवावा, डोळ्यांतून पाणी काढीत फुंकणीने फुंकावे, आणि घर जागे होईतो पाण्याला कढ यावा, असा क्रम असे. धुराचा त्रास होई, हे खरे. परंतु त्या धुरात एक मोठा गुणही होता. धूर दिसत असे, नाकाडोळ्यांना झोंबत असे. म्हणूनच बंब नहाणीघरात दार लावून पेटवावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. धुराच्या धाकाने तो नेहमी उघड्यावरच राहिला.

आता बहुतेक घरांतून तो बंब मोडीत गेला आहे, आणि त्याची जागा भिंतीवर टांगलेल्या एका पांढऱ्या पेटीने घेतली आहे. तिला गॅस गीझर म्हणतात. मुंबईत स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस बर्मा शेल कंपनीने १९५५ साली विकावयास आणला. पुढे तो तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. मराठवाड्यात विजेचे भारनियमन ऐन पहाटे आडवे येऊ लागले, तेव्हा विजेच्या बंबापेक्षा गॅसचा बंब बरा, असे पुष्कळ गृहस्थांस वाटले. नळ सोडावा आणि क्षणात ऊन पाणी यावे. ना फुंकणी, ना धूर. परंतु धूर नाहीसा झाला म्हणजे धोका नाहीसा झाला, असे मात्र नव्हे. ही पेटी दहा-बारा वर्षांची जुनी झाली व कुरकुर करू लागली, म्हणजे तिचे काय बिघडले आहे, त्यांतील काय घरच्या माणसाने पाहावे, आणि कोठे हात लावू नये, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ह्या यंत्राचा जन्म लंडनमधला. बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या एका रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ साली वायूच्या ज्वालेवर वाहते पाणी तापविण्याचे यंत्र तयार केले. आइसलंड देशात जमिनीतून उसळणारे उन्हाळे आहेत, त्यांतील एका प्रसिद्ध उन्हाळ्याच्या ‘गेसिर’ ह्या नावावरून त्याने आपल्या यंत्रास ‘गीझर’ हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्रात एक ढोबळ उणीव होती. जळलेला वायू खोलीबाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. पुढे एडविन रूड, ह्यूगो युंकर्स आदी यंत्रशास्त्रज्ञांनी ह्या कल्पनेत पुष्कळ सुधारणा केल्या. तथापि मॉघनच्या यंत्रातील ती पहिली उणीव आजही हजारो नहाणीघरांच्या भिंतीवर जशीच्या तशी टांगलेली दिसते.

पेटीचे पुढचे झाकण काढले, तर आतील रचना बंबाहून फारशी निराळी नाही, हे दिसेल. खाली गॅसच्या बारीक छिद्रांची रांग, म्हणजे बर्नर. त्याच्यावर तांब्याची पेटी. तिच्याभोवती नागमोडी फिरविलेली तांब्याची नळी आणि दाटीने बसविलेली तांब्याचीच पातळ पाती. ज्वालेची उष्णता पात्यांत, पात्यांतून नळीत, नळीतून पाण्यात जाते. जळलेला वायू पात्यांच्या फटींतून वर चढून माथ्यावरील तोंडाने बाहेर पडतो. नवीन आहे ती खालच्या अंगाची चतुराई. पाणी आत शिरते तेथे एक झडप असते व तिच्यात रबराचा एक गोल पडदा असतो. नळ सोडला, की वाहत्या पाण्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा एकीकडे फुगतो आणि एक बारीक दांडी पुढे ढकलतो. त्या दांडीच्या एका हालचालीने गॅसची वाट मोकळी होते व विजेची लहानशी कळ दाबली जाते. दीड दीड व्होल्टचे दोन सेल एका सुईच्या टोकाशी टिकटिक ठिणग्या पाडतात, दुसरी एक विजेची झडप गॅस सोडते, आणि ज्वाला पेटते. ज्वालेत बुडालेली आणखी एक सुई पहारा करीत असते. ज्वालेतून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू शकतो. तो त्या सुईस मिळाला तर गॅस चालू राहतो, काही क्षणांत मिळाला नाही तर गॅस बंद होतो. याहून जुन्या पेट्यांत सेलच्या ऐवजी एक लहान ज्योत सतत तेवत ठेवलेली असे, आणि तिच्यावर दोन निरनिराळ्या धातूंचा सांधा तापत असे. तो तापलेला सांधा जी अल्पशी वीज उत्पन्न करी, तिच्या बळावर गॅसची झडप उघडी राही. ज्योत विझली की झडप मिटे.

एवढी रचना ध्यानात घेतली, म्हणजे बिघाड शोधणे हे तर्काचे काम होते. प्रश्न क्रमाने विचारावयाचे असतात. पाणी पुरेसे येते काय? ठिणगी पडते काय? गॅस पोचतो काय? ज्वाला टिकते काय? आणि शेवटचा, परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ज्वालेचा रंग कोणता?

नळ सोडला, पाणी आले, पण टिकटिक ऐकू येत नाही, ही सर्वांत नित्याची तक्रार होय. येथे प्रथम दोन्ही सेल बदलून पाहावे. सेल विकत घेतल्याची तारीख कोणाच्या ध्यानात नसते, आणि नहाणीघरातील वाफेने सेलच्या घरातील पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा गंज चढतो. जुने सेल काढून, पट्ट्या कोरड्या फडक्याने व बारीक पॉलिश कागदाने घासून, नवे सेल योग्य दिशेने घालणे हे काम घरचा कोणीही माणूस करू शकतो. एक सेल नवा व एक जुना असे मात्र कधीही करू नये.

सेल नवे असूनही टिकटिक होत नसेल, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. पडदा फुगण्यास पाण्याला जोर लागतो. टाकीतील पाण्याची पातळी दहा मीटर उंच असली, तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम दाब मिळतो. तीन मीटरला त्याचा केवळ तिसरा हिस्सा. टाकी ज्या गच्चीवर, तिच्याच लगत खालच्या मजल्यावर पेटी टांगलेली असेल, तर टाकी व पेटी ह्यांच्यामध्ये जेमतेम दीड-दोन मीटरांचे अंतर उरते, आणि तेवढ्या दाबाने पडदा हलत नाही. तळमजल्यावर बिनतक्रार चालणारी पेटी माडीवर नेताच ‘बिघडली’, अशी ओरड होते, तिचे कारण हेच. पेटी निर्दोष असते. पाणी दुबळे असते. परंतु पूर्वी व्यवस्थित पेटणारी पेटी हळूहळू मंदावत गेली असेल, तर पाण्याच्या आगमनाशी असलेली लहान जाळी पाहावी. पाण्याचा कॉक बंद करून, सांधा सोडवून, जाळी काढून ब्रशने धुतली, म्हणजे तिच्यातून टाकीतील गाळ, वाळू आणि जुन्या नळाचा गंज पुष्कळ निघतो. जाळी स्वच्छ असूनही दांडी हलत नसेल, तर रबरी पडदा फाटलेला अथवा कडक झालेला असावा. तो बदलणे स्वस्त असते, पण गॅसच्या झडपेला चिकटूनच तो असल्यामुळे ते काम कारागिराचे आहे.

मराठवाड्यात ह्या यंत्राचा आणखी एक शत्रू आहे. तो म्हणजे बोअरचे जड पाणी. काळ्या पाषाणाच्या थरांतून झिरपताना पाणी चुना व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. थंड पाण्यात ते विरघळलेले असतात. पाणी तापले, की त्यांतील काही भाग वेगळा होऊन नळीच्या आतील अंगास पांढऱ्या पुटाच्या रूपाने धरतो. चहाच्या पातेल्यास जी खर धरते, तीच ही. पुट जसजसे जाड होते, तसतशी पाण्याची धार बारीक होते, ज्वालेची उष्णता पाण्यात शिरेनाशी होते, आणि नळीतून खदखदल्यासारखा आवाज येऊ लागतो. धार बारीक परंतु पाणी कढत, अशी स्थिती दिसली, की रोग हाच समजावा. कारागीर पेटी उतरवून सौम्य आम्लाने नळी धुऊन काढतो. पाणी जेथे फार जड आहे, तेथे हे काम दरवर्षी दिवाळीपूर्वी करून घेणे हितावह ठरते.

ठिणगी पडते पण ज्वाला पेटत नाही, असे असेल, तर गॅसची वाट पाहावी. रेग्युलेटर चालू आहे काय, रबरी नळी कोठे मुरडली आहे काय, सिलिंडर संपत आला आहे काय, हे क्रमाने तपासावे. थंडीत एक विशेष घडते. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपाने असतो. त्यातील प्रोपेन उणे बेचाळीस अंशांवरच उकळतो, पण ब्यूटेन जवळजवळ शून्य अंशापर्यंत द्रवच राहू शकतो. पहाटेच्या गारठ्यात, आणि त्यातही सिलिंडर सरत आलेला असताना, द्रवाची वाफ सावकाश होते व ज्वाला मलूल पडते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे अथवा त्याखाली विस्तव ठेवणे हे प्रकार काही घरी होतात. दोन्ही अत्यंत घातक आहेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव नळीत येतो. रेग्युलेटर सिलिंडरमधील प्रचंड दाब उतरवून सुमारे एक फूट उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका करतो. ती सारी व्यवस्था वाफेसाठी केलेली असते, द्रवासाठी नव्हे. सिलिंडर उभाच असावा, आणि ज्वाला मंद वाटली तर तो बदलावा, हाच सरळ मार्ग.

रबरी नळीविषयी वेगळे सांगावयास हवे. ती आयएसआय चिन्हाची असावी आणि पाच वर्षांनी, चांगली दिसत असली तरी, बदलावी. गळती पाहावयाची ती साबणाच्या फेसाने. सांध्यावर फेस लावला व बुडबुडे फुगले, की गळती समजावी. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला ती सापडते खरी, पण ती सांगावयास तो उरेलच, अशी खात्री नसते. हा गॅस मूळचा वासाचा नसतो. त्यात एथिल मरकॅप्टन नावाचा गंधकयुक्त पदार्थ अल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेला असतो, आणि सडक्या कोबीसारखी जी घाण येते ती त्याचीच. हवेपेक्षा जड असल्यामुळे हा गॅस जमिनीलगत सांचतो. असा वास आला, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, विजेचे एकही बटण दाबू नये अथवा उघडू नये, आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या गॅस-तक्रारीच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

दोन लक्षणे अशी आहेत, की ती दिसताच पेटीचा उपयोग त्या क्षणी थांबवावा. पहिले: पेटताना ‘भप्’ असा मोठा आवाज होऊन ज्वाला बाहेर झेपावते. याचा अर्थ ठिणगी वेळेवर पडत नाही, आणि ती पडेपर्यंत पेटीत गॅस सांचतो. दुसरे: पाण्याचा नळ बंद केला तरी ज्वाला जळत राहते. याचा अर्थ पाण्याची झडप अडकली आहे; नळीतील स्थिर पाण्याची वाफ होऊन नळी फुटू शकते. अशा वेळी प्रथम रेग्युलेटर बंद करावा, आणि कारागीर येईपर्यंत तो उघडू नये. झाकणाच्या आतील गॅसच्या झडपा, छिद्रे व सुया ह्यांना घरच्या माणसाने हात लावू नये. ‘छिद्र जरा मोठे केले तर पाणी अधिक तापेल’ ही सूचना देणारा कारागीर असला, तर त्यास नम्रपणे निरोप द्यावा.

आता ज्वालेच्या रंगाचा प्रश्न. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन ह्याने १८५५ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या शेगडीत गॅस जळण्यापूर्वीच हवेशी मिसळतो. अशी ज्वाला निळी, नेटकी व धुराविना असते. पेटीतील बर्नर त्याच जातीचा आहे. त्याच्या हवेच्या तोंडाशी धूळ, कोळिष्टके अथवा कपड्यांची तूस बसली, किंवा वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी भरून जळलेल्या वायूची वाट अडली, म्हणजे हवा अपुरी पडते आणि ज्वाला पिवळी, लांब व डुलणारी होते. पेटीच्या वरच्या भिंतीवर काळे पट्टे उमटतात. पुष्कळ घरी ह्या पट्ट्यांवर चुन्याचा हात देऊन काम भागवितात. ते पट्टे म्हणजे पेटीने लिहिलेली सूचना असते; ती पुसून टाकणे हा उपाय नव्हे.

परंतु ज्वाला निळी आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही. येथे थोडे गणित केले पाहिजे. एका मिनिटास सहा लिटर पाणी पंधरा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत तापवावयाचे, तर दीडशे किलोकॅलरी उष्णता लागते. काही उष्णता वायां जाते, ती धरून दर मिनिटास सुमारे सतरा ग्रॅम गॅस जळतो. वायुरूपात तो साडेसात लिटरांच्या आसपास भरतो, आणि तो पुरता जळण्यास दोनशे लिटरांहून अधिक हवा, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस लिटर प्राणवायू लागतो. स्वस्थ बसलेल्या मनुष्यास दर मिनिटास पाव लिटर प्राणवायू पुरतो. म्हणजे ती लहानशी पेटी एकशे सत्तर-पंचाहत्तर माणसांचा श्वास एकटी घेत असते. आता पाच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच असे नहाणीघर घ्या. त्यात सारी मिळून अडुसष्टशे लिटर हवा मावते, व त्या हवेत प्राणवायू सुमारे चौदाशे लिटर असतो. दार लावलेले, झरोका थंडीसाठी बंद केलेला, आणि पेटी दहा मिनिटे जळत आहे, अशी कल्पना केली, तर त्या खोलीतील प्राणवायूचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला, असा हिशेब निघतो. गॅसला मग पुरेसा प्राणवायू मिळत नाही. तो अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो.

ह्या वायूस रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांस झोंबत नाही. सिलिंडरमधील गॅसला घातलेला वास जळून गेलेला असतो. श्वासाबरोबर हा वायू रक्तात जातो आणि रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या द्रव्यास, हिमोग्लोबिनास, चिकटतो. प्राणवायूपेक्षा त्याची ही ओढ दोनशे ते अडीचशे पटींनी अधिक असते. त्याचा अर्थ असा, की हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग आणि हा वायू हजारात केवळ एक भाग असला, तरी कालांतराने रक्तातील निम्मी जागा त्याने बळकावलेली असते. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून, आणि स्वतः हा वायू हुंगून, ह्या गोष्टी सिद्ध केल्या. खाणीत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याची त्याची सूचना प्रसिद्धच आहे. ती प्रथा इंग्लंडात १९८६ पर्यंत चालू होती. पक्षी मनुष्याच्या आधी कोसळतो, म्हणून मनुष्यास पळावयास अवधी मिळतो. नहाणीघरात असा पक्षी नसतो.

महाराष्ट्रात हा वायू नवा नाही. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवावयाची, आणि सकाळी आई व मूल दोघांनाही ग्लानी आलेली दिसावयाची. अनुभवी सुइणी अशा वेळी ‘कोळसा लागला’ असे म्हणून दार सताड उघडीत. तोच कोळसा आता वेश पालटून भिंतीवर बसला आहे. मुंबई, पुणे, नाशिक ह्या शहरांतून नहाणीघरात बेशुद्ध पडल्याची व मृत्यूची वृत्ते प्रत्येक हिवाळ्यात येतात. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी तर ह्या प्रकारास ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच देऊन ठेवले आहे. कारण स्नानगृहात झटका येऊन पडलेल्या तरुण माणसांस अपस्मार झाला असे समजून उपचार सुरू व्हावयाचे, आणि पुढे खोदून विचारता दोष भिंतीवरील पेटीचा निघावयाचा.

ह्या अपघातांत एक क्रूर क्रम असतो. पहिला स्नान करणारा बहुधा सुखरूप बाहेर येतो. त्याने वापरलेली हवा तशीच आत राहते; दुसरा त्याच हवेत शिरतो, तिसरा तिच्याहून वाईट हवेत. सणाच्या वा लग्नाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेले असते, एकामागून एक स्नाने घाईने उरकत असतात, आणि सर्वांची सोय लावून शेवटी नहाणीघरात शिरते ती बहुधा घरची गृहिणी. डोके जड झाले, कानशिले उडू लागली, मळमळले, पाय लटपटले, तर ती ते जागरणावर व उपवासावर ढकलते. कडीपर्यंत हात पोचविण्याचे त्राणही मग उरत नाही. कारण हा वायू बुद्धी व स्नायू दोन्ही एकदमच लुळे करतो. म्हणून ऊन पाण्याने स्नान करताना डोके दुखू लागले, तर तो पित्ताचा प्रकार न समजता प्रथम नळ बंद करून दार उघडावे.

उपाय कठीण नाहीत. उत्तम उपाय म्हणजे पेटी नहाणीघराबाहेर, गॅलरीत अथवा परसाकडील मोकळ्या भिंतीवर टांगावी व ऊन पाणी तेवढे नळीने आत आणावे. बंब जेथे उभा असे, तेथेच त्याच्या वंशजाला न्यावयाचे. ते शक्य नसेल, तर धुराड्याची नळी जोडून जळलेला वायू थेट घराबाहेर नेला पाहिजे. घराबाहेर म्हणजे उघड्यावर, माळ्यावर नव्हे. खाली हवा आत येण्यास एक कायमचा झरोका व वर बाहेर जाण्यास दुसरा, असे दोन्ही हवेत. भिंतीतील पंखा एकटा पुरत नाही, कारण तो ओढील तेवढी हवा आत यावयासही वाट लागते. दाराची कडी बाहेरूनही उघडता यावी. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, जाणत्या कारागिराकडून बर्नर, पाती, पडदा व नळी तपासून घ्यावी. पत्रा गंजला आहे, पाती काजळली आहेत, ज्वाला साफ करूनही पिवळीच राहते, अशी पेटी दुरुस्तीच्या नादी न लागता मोडीत द्यावी. तिच्यावर वाचविलेले दोन-तीन हजार रुपये फार महाग पडू शकतात.

आणि ज्यांना यांपैकी काहीही लगेच करता येणार नाही, भाड्याचे घर आहे, पेटी आतच आहे, अशांसाठी एक उपाय बिनखर्चाचा आहे. तो म्हणजे बादली. अठरा लिटरांची बादली तीन मिनिटांत भरते; तेवढ्यात सुमारे पन्नास ग्रॅम गॅस जळतो. दार व झरोका उघडे ठेवून आधी बादली भरावी, नळ व रेग्युलेटर बंद करावे, पाच-दहा मिनिटे जळकी हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि मग आत जाऊन कडी लावावी. आत माणूस असताना ज्वाला नसावी, आणि ज्वाला असताना दार लावलेले नसावे, एवढा एकच नियम घरातील सर्वांनी, विशेषतः लहान मुलांनी, पाठ करावा. दाराआड दीर्घ काळ फवाऱ्याखाली उभे राहण्याची हौस सौर बंबावर भागवावी. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही.

इतके करूनही कोणी आत निपचित पडलेला आढळला, तर दार उघडून त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे. सोडविणाऱ्याने श्वास रोखून झटपट बाहेर यावे. तेथे थांबून हाका मारीत बसू नये. गॅस बंद करावा, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, तोंडात पाणी अथवा औषध घालू नये, आणि श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. कांदा हुंगविण्यात अमूल्य वेळ दवडू नये. साध्या हवेत रक्तातील विष निम्मे उतरण्यास चार-पाच तास लागतात. रुग्णालयातील शुद्ध प्राणवायूने तेच काम दीड तासाच्या आत होते. म्हणूनच माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरीही त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे, आणि तेथे गेल्यावर ‘नहाणीघरात गॅसचा गीझर होता’ हे वाक्य वैद्यास आपण होऊन सांगितले पाहिजे. त्या एका वाक्याने निदान होते.

परसातला जुना बंब आपल्या धुराने घरच्या माणसांस स्वतःच सावध करीत असे. भिंतीवरचा बंब तसे करीत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा दार उघडे ठेवून त्याच्या खिडकीतून ज्वालेकडे पाहावे, ती निळी आहे ना, ह्याची खात्री करावी, आणि मगच घरच्यांस पहाटेच्या स्नानास बोलवावे.